खाजनावरचं संशोधन चौघांनी मिळून कसं करावं

खाजन म्हणजे गोव्यात नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. तिथे पहिल्या दिवशी मीटर नेऊ नका, ड्रोन नेऊ नका, प्रश्नावली तर नकोच. वेगवेगळ्या विषयांच्या चौघांनी मिळून मानशीवर, म्हणजे बांधातल्या झडपांच्या दारावर, जा आणि भरती लागायच्या तासभर आधी बांधावर बसा. पाणी अजून बाहेर चाललेलं असतं. शेतातलं आणि पोंयीतलं, म्हणजे दाराच्या आतल्या तळीतलं, पाणी मानशीच्या झडपा ढकलून नदीत पडत असतं, त्याचा आवाज दूरवर येतो. मग तो आवाज बारीक होत जातो. बाहेरचं पाणी चढत चढत आतल्याच्या बरोबरीला येतं, तेव्हा काही मिनिटं पाणी कुठेच जात नाही. पाण्यावरची वाळकी पानं जागच्या जागी थांबतात. झडप थरथरते, जरा पुढेमागे होते आणि लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज येतो. दार मिटलं. कोणी हात लावलेला नसतो. पुढचे काही तास नदी खाऱ्या पाण्याने भरत राहते आणि तिच्या पातळीहून खाली असलेलं शेत तसंच राहतं.

मी गोव्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. लहानपण डिचोलीत गेलं, पण आजोळ तिसवाडीतलं, आणि आजोबा खाजनातलं कूळ. गेली सात वर्षं मी वेगवेगळ्या विषयांच्या मुलामुलींना घेऊन तिथल्याच एका खाजनावर काम करते. आता चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधन आलं आहे, आणि हवामान बदलावर काही करायचं म्हटलं की ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द प्रस्तावात घालावाच लागतो. तो घालणं सोपं आहे. मुलं येऊन विचारतात, मॅडम, म्हणजे नेमकं करायचं काय? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, आणि ज्या सहकाऱ्यांना पहिल्यांदा दुसऱ्या विषयाच्या माणसाबरोबर चिखलात उतरायचं आहे त्यांच्यासाठीही.

प्रश्न आधी, टीम नंतर

बहुतेक वेळा उलट होतं. रसायनशास्त्राचा एक, अर्थशास्त्राचा एक, समाजशास्त्राचा एक असे लोक गोळा होतात, ‘गोव्यावर हवामान बदलाचा परिणाम’ असं काहीतरी नाव ठरतं, आणि प्रत्येक जण आपापल्या घरी जाऊन आपापलं प्रकरण लिहितो. मार्चमध्ये चार प्रकरणं एका बाइंडिंगमध्ये येतात. पहिल्या प्रकरणाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

आमचा प्रश्न असा होता: या खाजनातल्या नदीलगतच्या खालच्या शेतांत मीठ का वाढलं? प्रश्न शेतकऱ्यांचाच. त्यांनी तिथे भात लावणं सोडलं होतं. आता कारणं मोजा. समुद्राची पातळी चढली म्हणून असेल. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली आणि ती बुजवायला माणूस राहिला नाही म्हणून असेल. खनिजाच्या बार्जेस जायच्या तेव्हा त्यांच्या लाटांनी बांधाचा पाया खाल्ला म्हणून असेल. आतले पाट बुजले आणि पावसाने धुतलेलं मीठ बाहेर निघालंच नाही म्हणून असेल. किंवा मानशीची पावणी, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव, ज्याने घेतली तो मासळी आत यावी म्हणून रात्रीच्या भरतीला दार उघडं ठेवतो म्हणून असेल. यातलं पहिलं कारण हवामानाचं आहे, शेवटचं पूर्णपणे माणसांचं आहे, मधली दोन्हीची सरमिसळ आहेत. शेतात मात्र सगळ्यांचा परिणाम एकच दिसतो: मातीवर पांढरा थर आणि भाताचं पिवळं टोक.

समुद्रावर सगळं ढकललं की कोणालाच काही करावं लागत नाही, आणि सगळं पावणीवाल्यावर ढकललं की गावात फक्त भांडण होतं. कोणाचा वाटा किती, हे सांगणं हेच संशोधन. मला सात वर्षांत याहून महत्त्वाचं काम दिसलेलं नाही.

प्रश्न चौघांचा आहे की नाही हे तपासायची एक कसोटी मी वापरते. चौघांपैकी कोणी एक महिनाभर आजारी पडला असं समजा. बाकीचे तिघे त्याच्याशिवाय पुढे जाऊ शकत असतील तर प्रश्न अजून एकत्र नाही. आमच्या प्रश्नात पावणीचा करार वाचणारी मुलगी नसेल तर मीठ मोजणाऱ्याला कळतच नाही की मानशीजवळ आणि महिन्याच्या कोणत्या रात्री मोजायचं.

कागद लवकर वाचा

खाजनाला मालक एक नसतो. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची, असते, कसणारं कूळ असतं, मानशीतली मासेमारी तिसऱ्याकडे असते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी जमिनीचं नातं बदललं. बांधाची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघटनेकडे आली, तिचे नियम १९७५ चे आहेत. त्याआधी गावकरी, म्हणजे कोमुनिदादच, बांध राखायची. हे बदल कायद्याच्या पुस्तकात राहू देऊ नका, नकाशावर आणा. एक-चौदाचे (सातबाऱ्यासारखे) उतारे काढा, शेतांचे सर्व्हे नंबर घ्या, आणि तेच नंबर मातीच्या नमुन्यांना, मुलाखतींना आणि उपग्रहाच्या नकाशाला द्या. ‘मानशीजवळचं तिसरं शेत’ असं कोणीही लिहायचं नाही. हे एवढं केलं की अर्ध्या अडचणी संपतात, कारण मार्चमध्ये चौघांच्या वह्या जुळवायची सामाईक किल्ली तयार असते.

जुन्या नोंदींसाठी पणजीच्या पुराभिलेखात जावं लागतं. कागद पोर्तुगीजमध्ये असतात. पोर्तुगीज वाचणारं माणूस सुरुवातीलाच शोधा, शेवटच्या महिन्यात नव्हे. भरती-ओहोटीचं आणि खाडीच्या पाण्याचं काही अडलं तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती १९६६ पासून हेच काम करते. खाऱ्या जमिनीतल्या भाताचं अडलं तर जुन्या गोव्यात एल्याला भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे. ताळगाव पठारावर विद्यापीठ तर आहेच. मात्र प्रश्न घेऊन जा. ‘आम्हाला खाजनाबद्दल माहिती हवी’ असं म्हणत गेलेल्या मुलांना जुने शोधनिबंध मिळतात आणि ती परत येतात.

तिथी लिहा

हा भाग सावकाश वाचा. आमचं एक अख्खं वर्ष यात गेलं.

कॉलेजची मुलं शनिवारीच मोकळी असतात. म्हणून आम्ही ठरवलं, दर दुसऱ्या शनिवारी जायचं. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत दहा खेपा झाल्या. दर वेळी मानशीच्या बाहेर रंगवलेल्या पट्टीवर भरतीची सर्वांत वरची पातळी लिहिली, बांधाच्या आत झिरपलेल्या पाण्याचा खारटपणा लिहिला. आलेख काढला तर रेषा सरळ खाली उतरत होती. महिन्यामागून महिने नदी उतरते आहे, झिरपही कमी होतो आहे! आम्ही त्यावर विचार करून एक स्पष्टीकरणही तयार केलं, आणि ते विभागात सर्वांसमोर मांडलं. गणिताच्या एका शिक्षकांनी फक्त एवढंच विचारलं: या दहा दिवसांच्या तिथी काय होत्या?

भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. पहिली खेप अमावास्येची. दुसरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच्या सुमारास. तिसरी अमावास्येच्या दीड दिवस आधी. असं सरकत सरकत दहावी खेप अष्टमीच्या आसपास पडली होती. उधाणापासून उधाणापर्यंतचं चक्र सुमारे १४.७७ दिवसांचं असतं आणि आमचं चक्र १४ दिवसांचं. दर खेपेला पाऊण दिवसाचा फरक, नऊ वेळा, म्हणजे जवळजवळ सात दिवस. आम्ही उधाणापासून भांगापर्यंत, म्हणजे अष्टमीच्या मंद भरतीपर्यंत, चालत गेलो होतो, आणि त्याला नदीत झालेला बदल समजलो होतो.

त्या दिवशी मुलं हिरमुसली. मीही घरी जाऊन बराच वेळ त्या आलेखाकडे बघत बसले, कारण तो इतका स्वच्छ दिसत होता. माझ्या आजोबांनी शनिवार कधीच बघितला नसता. बांधावरचा माणूस तिथीनेच चालायचा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढणार, अष्टमीला मंद राहणार, हे त्याला आठवावंही लागत नसे.

तेव्हापासून आमच्या वहीत तारखेच्या शेजारी तिथी असते आणि वेळेच्या शेजारी ‘भरती लागून किती वेळ झाला’ हा रकाना असतो. तुम्हीही तसंच करा. वर्षाच्या सुरुवातीला मुरगावचा भरतीचा तक्ता घ्या, उधाणाच्या आणि भांगाच्या खेपा वेगळ्या आखा, आणि प्राचार्यांकडे त्या दिवसांची परवानगी मागा. परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच अर्ज करा. आणखी एक: तक्त्यातली वेळ मुरगावची असते. तुमची मानस नदीत जितकी आत, तितकी भरती उशिरा पोचते. पहिल्या दोन खेपांत स्वतःच्या मानशीचा उशीर मोजून घ्या.

आणि एकदा तरी पूर्ण चक्र बसून मोजा. बारा तास पंचवीस मिनिटं, दर पंधरा मिनिटांनी आतली पातळी आणि बाहेरची पातळी. पाळ्या लावा, पाणी आणि डबे न्या, पावसाळ्यात असाल तर वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पेन्सिलनेच लिहा.

अकरा सेंटिमीटर कुठे दिसतात

समुद्र किती चढतो? हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालात, २०२१ साली, आकडे दिलेले आहेत. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली, आणि २००६ ते २०१८ या काळात वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. याच वेगाने तीस वर्षं धरली तर अकरा सेंटिमीटर होतात. मुलं हा आकडा ऐकतात आणि म्हणतात, एवढंच? उधाण आणि भांग यांच्या भरतीतच याच्या कितीतरी पट फरक असतो. बांध तर छातीएवढा उंच आहे.

इथेच मानशीवर बसलेला दिवस उपयोगी येतो. अकरा सेंटिमीटर आधी बांधावरून येत नाहीत. ते आधी दाराच्या वेळेत दिसतात. झडप उघडी राहते ती फक्त बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असेपर्यंत. नदीची सगळी पातळी थोडी वर गेली की दर ओहोटीला दार जरा उशिरा उघडतं आणि जरा लवकर मिटतं. दिवसातून दोन ओहोट्या, दोन्हींतून थोडा थोडा वेळ जातो. आता मिरगाचा पाऊस पडला. हाच पाऊस शेतातलं मीठ धुतो, त्याच्या भरवशावर खाजनात भात होतो. पण धुतलेलं पाणी बाहेर जायला दार उघडं मिळायला हवं. मिळालं नाही तर तेच खारं पाणी शेतात तुंबतं, आणि पाऊस भरपूर पडूनही मीठ तिथेच राहतं.

म्हणून आम्ही ‘पाणी किती चढलं’ यापेक्षा ‘दार किती तास उघडं’ हे मोजतो. हा आकडा समुद्राचा आहे, पावसाचा आहे, पाटांच्या सफाईचा आहे आणि दार कोणाच्या ताब्यात आहे याचाही आहे. अर्थशास्त्राच्या मुलाला तो पिकाच्या हिशोबात घालता येतो, आणि कुळांच्या संघटनेला तो लगेच समजतो. प्रत्येक टीमला असा एक आकडा सापडला पाहिजे, ज्याकडे चौघेही बोट दाखवून ‘हा माझाही आहे’ म्हणू शकतील. तो सापडेपर्यंत शोधत राहा.

इथे एक खड्डा आहे. भरतीच्या तक्त्यातली उंची नौकानयनाच्या नकाशाच्या शून्यापासून मोजलेली असते, जमिनीच्या सर्वेक्षणातली उंची सरासरी समुद्रपातळीपासून. दोन्ही शून्यांत एक मीटरहून जास्त अंतर आहे. एकाने तक्त्यातून भरती घेतली, दुसऱ्याने सर्वेक्षणातून शेत घेतलं, आणि दोन्ही एका आकृतीत काढली, तर शेत बुडालेलं तरी दिसेल किंवा उगाच सुरक्षित तरी. आम्ही मानशीच्या चिऱ्यावर एक खूण कोरली आणि सगळ्या उंच्या त्या खुणेपासून मोजल्या. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी यासाठी पुरते. फुकट मिळणाऱ्या उपग्रहाच्या उंचीच्या नकाशावर मात्र विसंबू नका. त्याची चूक मीटरमध्ये असते, आणि आपण सेंटिमीटर शोधतो आहोत.

मीठ मोजताना

मातीच्या विद्युतवाहकतेवरून मीठ कळतं. एकक आहे डेसिसायमन प्रति मीटर. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं, चारच्या वर गेली की जमीन खारी. आमच्या रसायनशास्त्राच्या मुलीने पहिल्या वर्षी एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं मिश्रण करून मोजलं, दीड आलं, आणि आम्ही एका काकींना त्यांच्या अंगणात बसून सांगितलं की तुमचं शेत ठीक आहे. काकींनी आमच्याकडे बघितलं, शेतातली ढेकळाएवढी माती आणली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “पयलीं जिबेक लाय, मागीर यंत्राक.” मी जिभेला लावली. खारट होती, चांगलीच.

यंत्र बरोबर होतं, तुलना चुकली होती. पुस्तकातला चारचा आकडा मातीचा ओला लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. आपण जास्त पाणी घातलं की मीठ पातळ होतं आणि आकडा कितीतरी कमी येतो, आणि किती कमी हे मातीच्या पोतावर ठरतं. दोन आकड्यांतला हा पट चिकणमातीचा वेगळा, वाळूचा वेगळा. म्हणून काही नमुने दोन्ही पद्धतींनी मोजून स्वतःच्या मातीचा पट काढा, मगच कोणाला काही सांगा. भाताला तर चारच्याही आधी, तीनच्या आसपासच त्रास सुरू होतो.

बाकी रीत साधी. पंधरा सेंटिमीटर खोल, एका शेतात पाच-सहा ठिकाणची माती एकत्र, सावलीत वाळवणं, दोन मिलिमीटरची चाळणी. चिठ्ठी पिशवीच्या आतही घाला आणि बाहेरही लावा. मीटर रोज सकाळी १.४१३ च्या प्रमाण द्रावणात तपासा. पाण्याचं तापमान लिहा, कारण दर अंशामागे वाहकता सुमारे दोन टक्के बदलते आणि मेमधल्या दुपारचं पोंयीचं पाणी हाताला गरम लागतं.

कोणत्या शेतात कोणतं बी होतं हेही विचारा. कोरगुट हा इथला भात मीठ सोसतो, म्हणून तो टिकला आहे. कोरगुटाचं शेत आणि दुसऱ्या भाताचं शेत यांचं पीक एकाच रकान्यात घातलं तर मिठाचा परिणाम पुसून जातो.

पूर म्हणजे कोणता पूर

मुलाखती कोंकणीत झाल्या, मुलांनी टिपणं मराठीत आणि इंग्रजीत काढली. एकाच्या वहीत सगळीकडे ‘पूर’ होतं. पूर २०१९, पूर २०२१, पूर दरवर्षी. मी रेकॉर्डिंग ऐकलं. माणसांनी तीन वेगळे शब्द वापरले होते. ‘हुंवार’ म्हणजे पावसाने नदीला आलेला लोंढा, गोड्या पाण्याचा, गढूळ, आणि काही वेळा तो शेताला बराही असतो, कारण गाळ येतो आणि मीठ धुतलं जातं. ‘उदाण’ म्हणजे तिथीचं चढलेलं पाणी. आणि ‘खारें उदक भितर सरलें’ म्हणजे बांध किंवा दार चुकलं. तीन कारणं, तीन उपाय, आणि वहीत एकच शब्द.

त्या दिवसापासून नियम केला: माणूस जो शब्द बोलला तोच लिहायचा, अर्थ शेजारच्या रकान्यात. आमच्याबरोबर भाषेच्या विभागातली एक मुलगी आली ती यामुळेच, आणि तिचं काम कारणं वेगळी करायला मातीच्या मीटरइतकंच उपयोगी पडलं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, जुलैत मोठा पाऊस झाला. लोकांच्या बोलण्यात दोन्हींचे शब्द वेगळे होते, आमच्या पहिल्या तक्त्यात दोन्ही एकच.

बायकांना विचारा. लावणी, खुरपणी त्यांनी केलेली असते, कोणत्या कोपऱ्यात रोप जळतं हे त्यांच्या पायांना माहीत असतं. पण दुपारी तीनला जा, सकाळी चुलीपाशी गर्दी करू नका. पावणीवाल्याशी वेगळं बोला, आणि शेतकऱ्यांसमोर त्याची झडती घेऊ नका. त्याने पैसे भरून हक्क घेतलेला असतो, त्याच पैशातून बऱ्याच ठिकाणी बांधाची डागडुजी होते. त्याच्याकडून दाराच्या वेळांची वही मिळाली तर ती सोन्याची आहे; नाव प्रसिद्ध होणार नाही असं वचन द्या आणि पाळा.

तिवर की भात

आता सर्वांत अवघड जागा. बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही की शेतात रोज भरती येते. काही वर्षांत तिथे तिवर, मारांडी उगवते, दहा-पंधरा वर्षांत दाट खारफुटी. पर्यावरणाचा विद्यार्थी ती बघून हरखतो, आणि बरोबरच आहे. तिवराचं पान उलटून जिभेवर ठेवा, मीठ लागेल. झाड ते पानातून बाहेर टाकतं. चिखल धरून ठेवणारी, कर्ब साठवणारी, माशांच्या पिल्लांना आसरा देणारी झाडं आहेत ही. बांधाच्या नदीकडच्या बाजूला तर तीच बांध राखतात. पण आतल्या बाजूला तीच झाडं ज्याच्या सातबाऱ्यात, म्हणजे आपल्याकडे एक-चौदात, भातशेत म्हणून लिहिलेल्या जमिनीवर उभी आहेत, त्याला त्यांना हात लावता येत नाही, कारण खारफुटीला संरक्षण आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. त्यात खाजनालगतची खारफुटी जपायची म्हटलंय, खाजनासाठी व्यवस्थापन आराखडा करायचा म्हटलंय आणि खाजनात विकासकामं नकोत असंही म्हटलंय.

आमच्या टीममध्ये यावर रडारड झाली आहे, एकदा अक्षरशः. मी ती थांबवली नाही. मात्र मतं मांडण्याआधी दोघांनी मिळून एक नकाशा करायचा, अशी अट घातली. १९८४ पासूनच्या लँडसॅटच्या चित्रांवरून कोणत्या वर्षी कुठे हिरवं दाट झालं ते काढायचं. अलीकडच्या वर्षांसाठी सेंटिनेल-२, त्याचा ठिपका दहा मीटरचा. पावसाळ्यात ढग येतात तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार, ते ढगांतून बघतं. लँडसॅटचा ठिपका तीस मीटरचा आणि आपली शेतं त्याहून अरुंद, म्हणून सर्व्हे नंबरनिशी बांधावर चालून खात्री करायची. मग त्यावर बांध फुटल्याच्या आठवणी ठेवायच्या, आणि बार्ज कधी चालत होत्या तेही: खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या, काही काळाने सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. बंदीच्या काळात बांध कमी फुटले का, हे आपल्याला आयतंच तपासायला मिळालेलं आहे.

आमच्या नकाशावर दोन प्रकारचे तुकडे निघाले. जुना, दाट, नदीलगत, जिथे परत भात करायचं कोणाच्या मनातही नाही. आणि नवा, विरळ, जिथे बांधाचं एक भगदाड बुजवलं तर पुढच्या पावसाळ्यांत मीठ धुतलं जाईल. माझं मत विचाराल तर पहिला तुकडा झाडांचा आणि दुसरा भाताचा, आणि हे ठरवायचं काम विद्यापीठाचं नाही, गावाचं आणि कायद्याचं. आपण नकाशा, दाराचे तास आणि मिठाचे आकडे स्वच्छ द्यायचे.

लिहिणं आणि परत देणं

निबंधावर नावं कोणत्या क्रमाने येणार हे पहिल्याच महिन्यात कागदावर लिहा. पुढे बोलणं जड जातं. लिहिताना प्रत्येकाने दुसऱ्याचं प्रकरण लिहायचं, पहिला खर्डा तरी. अर्थशास्त्राच्या मुलाने मिठाबद्दल लिहिलेलं रसायनशास्त्राच्या मुलीने तपासायचं. त्रास होतो, वेळ लागतो, पण ज्याला समजलं नाही ते तिथेच उघडं पडतं.

ग्रामसभेत स्लाइड दाखवू नका. आम्ही नकाशा कापडावर मोठा छापून देवळाच्या मंडपात टांगला, शेतांवर नंबरांबरोबर लोक वापरतात ती शेतांची नावं लिहिली. माणसं आधी आपलं शेत शोधतात, मग शेजाऱ्याचं, मग बोलायला लागतात. दोन शेतांची नावं आम्ही चुकीची लिहिली होती, ती तिथेच पेनने दुरुस्त केली. दाराच्या तासांचा तक्ता बघून कुळांच्या संघटनेने पुढच्या पावणीच्या अटींत एक ओळ घालायचं ठरवलं: रोपं मुळं धरेपर्यंत रात्री दार उघडायचं नाही. त्या पावसाळ्यातही आम्ही मोजलं. खालच्या शेतांपैकी मानशीजवळच्या शेतांत मीठ उतरलं, बांधाच्या भगदाडाजवळच्या शेतांत नाही उतरलं. म्हणजे दोन कारणं निदान वेगळी झाली, आणि आता भगदाडाचं काम उरलं आहे.

पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी आमच्याकडे पत्र्याची एक पेटी आहे. तीत तिथीचा रकाना असलेली वही, सर्व्हे नंबरांची यादी, मानशीच्या खुणेचा फोटो, मातीचा पट काढलेला कागद, शब्दांची यादी आणि पारदर्शक नळी असते. पेटीची चावी कॉलेजात नसते, काकींच्या घरी असते. मुलांना चावी घ्यायला जावं लागतं, आणि तिथे गेलं की चहा होतो, आणि यंदा पाणी कसं आहे ते काकी सांगतात.